कानाच्या वाट्या

मागच्या महिन्यात बीड बायपासच्या एका लॉनवर लग्नाला गेले होते. डीजे असा, की ताटातला पापड आपोआप हलत होता. समोरच्या टेबलावर सहा-सात वर्षांची एक पोरगी कानावर निळे, ससे काढलेले मोठे गोळे लावून निवांत जिलेबी खात बसली होती. तिची आई येईल-जाईल त्याला सांगत होती, हिला आवाज सोसत नाही, डॉक्टरांनी हे लावायला सांगितलंय, ऑनलाइन मागवलेत. बायका म्हणत होत्या, अगं बाई, किती गोड दिसतंय ते. आणि मी, तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं सांभाळून नुकतीच रिटायर झालेली बाई, माझ्या पोटात आगीचा गोळा उठला. कारण त्या पोरीच्या खुर्चीमागं तिची थोरली बहीण उभी होती. दहा-अकराची असेल. धाकटीचं ताट, धाकटीची पाण्याची बाटली आणि धाकटीचा स्वेटर घेऊन उभी. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. मी तिला हाक मारली, नाव विचारलं, जेवलीस का विचारलं, शेजारी बसवून माझ्या ताटातला गुलाबजाम तिला दिला. म्हातारीचं डोकं फिरलंय असं तिला वाटलं असणार. वाटू दे.

लोक आपल्या आठवणी लिहितात तेव्हा आपण किती सोसलं, किती समजूतदार होतो, ते लिहितात. मी या प्रकरणात माझ्या जळक्या स्वभावाबद्दल लिहिणार आहे. तो स्वभाव मला मुकुंदवाडीच्या मागच्या आमच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत लागला, आणि त्याचं नाव शालू. माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

आमच्याकडं वडलांना दादा म्हणतात. दादा लासूर स्टेशनच्या पलीकडल्या खेड्यातून कंपनीत कामाला म्हणून आले आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला लागले. पत्रा ठेवायचा, बाजूला व्हायचं, वरून प्रेस धाडदिशी पडायचा, एक पार्ट तयार. पुन्हा पत्रा. असं आठ तास. तिथनं आले की दादा अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर बसायचे आणि मोठ्यानं बोलायचे, कारण दिवसभर तिथं ओरडूनच बोलावं लागायचं. माय आजूबाजूच्या खोल्यांतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना भाकऱ्या करून द्यायची. रोजच्या चाळीस. काठवटीत ज्वारीचं पीठ मळून ती भाकर थापायला लागली की थप थप थप असा ठेका धरायचा, आणि त्या ठेक्यावर मी चुलीपाशी बसून गाणी म्हणायचे. येसरची आमटी उकळतीय, तिच्या वासानं डोळ्यात पाणी येतंय, माय थापतीय, मी गातीय. माझा आवाज लहानपणापासून खणखणीत. काशीनाथमामा म्हणून शेजारी होते, विहारात पेटी वाजवायचे आणि स्वतः गाणी रचायचे. ते म्हणायचे, या पोरीला माईक लागत नाय. मला ते दिवस फार सुखाचे वाटतात. शालू तेव्हा तान्ही होती, हेही कारण असेल.

ती चालायला लागली तसं एकेक कळायला लागलं. कुकरची शिट्टी झाली की ती कानावर हात दाबून भिंतीला डोकं आपटायची. स्टीलचं ताट पडलं की चड्डीत मुतायची. रिक्षा दारावरून गेली तर बाजेखाली ज्वारीच्या पोत्यामागं जाऊन बसायची आणि तासतासभर निघायची नाही. शाळेत घातली तर घंटेला इतकी किंचाळली की बाईंनी तिला दुपारी घरी पाठवून दिली. लोकांचं काय, तोंडाला येईल ते बोलायचे. कुणी म्हणालं दृष्ट लागलीय, कुणी म्हणालं पोरगी नाटकी आहे, दोन द्या ठेवून. मायनं एकदा खरंच दोन ठेवून दिल्या आणि मग रात्री जेवलीच नाही. मी मनात म्हणाले, बरं झालं. आता लपवायचं काय.

मग एका संध्याकाळी शेजारी कुणाच्या तरी घरी बारशाचा बँड वाजत होता आणि शालू पोत्यामागं थरथरत होती. दादा कामावरून आले, पिशवी टेकवली, तिच्याकडं बघत उभे राहिले. मग पिशवीतनं त्यांनी कंपनीतली कानावर लावायची ती वस्तू काढली. तिला कंपनीत इअरमफ म्हणायचे. पिवळ्या प्लास्टिकच्या दोन खोलगट वाट्या, आतून स्पंज, वरून डोक्यावर बसणारी पट्टी. तेलाचा आणि घामाचा वास यायचा त्या वाट्यांना. दादा पोटावर झोपून बाजेखाली सरकले आणि त्या वाट्या त्यांनी तिच्या कानावर बसवल्या. थोड्या वेळानं शालू आपली आपण बाहेर आली. बँड वाजतच होता. तिनं आमच्या तिघांकडं पाहिलं, लांब श्वास सोडला आणि म्हणाली, माय, भाकर दे. माय पदर तोंडाला लावून रडायला लागली. दादांच्या डोळ्यात पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, दादा, मला?

"तुला काय गरज?" दादा म्हणाले. "तुझे कान धडधाकट हायेत की."

हे वाक्य मी पुढं किती वेळा ऐकलं याची गणती नाही. वाट्या शालूच्या झाल्या. दादांना मायनं विचारलं, मग तुमचं काय, तर म्हणाले, कंपनीनं मला दुसऱ्या दिल्यात. संपला विषय. आणि आमचं घर त्या दिवसापासून बदललं. कुकर शेजारच्या घरी गेला, डाळ पुन्हा भगुण्यात शिजायला लागली. स्टीलची ताटं फळीवर चढली, जर्मनची खाली आली, त्यांच्याखाली फडकं. मायनं भाकऱ्या थापायला काशीनाथमामांच्या पडवीत जागा मागून घेतली आणि तो ठेका आमच्या घरातनं गेला. मी गुणगुणले तरी माय ओठावर बोट ठेवायची. आणि दादा, ज्यांचा आवाज चौकात ऐकू यायचा, ते घरात कुजबुजायला शिकले. कुजबुजणंही मग कमी झालं. त्यांनी आणि शालूनं मिळून हाताच्या खुणाच काढल्या. तळहात पुढं धरला की थांब. दोन बोटं हलवली की चल बाहेर जाऊ. तळहात आभाळाकडं करून वर उचलला की अजून वाढ. आमटी पाहिजे असली की शालू तसा हात वर करायची आणि दादा तिच्या वाटीत पळीभर ओतायचे. जेवायला बसलं की त्या दोघांचं असं हातानं चालायचं, हसायचं, काहीतरी ठरायचं. मी बोलू शकत होते, मला खुणांची गरज नव्हती, म्हणून मला कुणी शिकवल्या नाहीत. मी बघून बघून शिकले, पण वापरल्या नाहीत. मला कुणी बोलावलं नाही त्या खेळात, तर मी आपणहून कशाला जाऊ.

आता माझ्या पोटात काय जळत होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या वस्तीत वर्षाचा मोठा दिवस म्हणजे जयंती. सकाळी विहारात वंदना, दुपारपासून हलगी, बँड, भोंगे, आणि संध्याकाळच्या आत मैदानातल्या स्टेजवर गाण्याचा कार्यक्रम. काशीनाथमामांनी मला अकराव्या वर्षी त्या स्टेजवर उभं केलं. पांढरी साडी, निळी किनार, मायनं लुगडं फाडून बेतलेली. सगळी वस्ती पुढं बसलेली. माझे दादा मात्र नव्हते. जयंतीच्या आवाजात शालूचा जीव जाईल म्हणून दादा तिला वाट्या लावून सकाळच्या एसटीनं दौलताबादला घेऊन गेले होते. किल्ल्याच्या पायथ्याशी कुणाच्या तरी अंजिराच्या बागेत दोघं दिवसभर सावलीत बसायची आणि अंधार पडायच्या आधी परतायची. जयंतीला वस्तीतला माणूस गावाबाहेर जातो म्हणजे काय. लोक टोचून बोलायचे, माय मान खाली घालायची. दादा पिशवीतनं अंजीर काढून माझ्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, लई छान म्हणलीस म्हणं. म्हणं. दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. मला अंजीर आजही चालत नाही. नातवंडांना वाटतं आजीला ॲलर्जी आहे.

मला त्या एसटीचासुद्धा हेवा वाटायचा. दोघं शेजारी बसत असतील, ती खिडकीला, दादा तिला डोंगर दाखवत असतील. मी कधीच दादांबरोबर एकटी कुठं गेले नाही. मला काही होत नव्हतं ना. एकदा मी मुद्दाम कानावर हात ठेवून, डोळे मिटून चुलीपाशी बसले. मायनं पाठीत धपाटा घालून पाणी भरायला पाठवलं.

चौथ्या वर्षी मात्र शालूचं बिघडलं. तोवर ती वाट्या दिवसरात्र लावून असायची. झोपतानाही, अंघोळ तेवढी सोडून. आम्हाला वाटायचं, लावल्या की बरं वाटतं, मग जितक्या जास्त लावेल तितकं जास्त बरं. झालं उलटंच. कान इतके हळवे झाले की वाट्या लावूनही तिला चमचा पडल्याचा आवाज टोचायला लागला, आणि वाट्या काढल्या की मायच्या बांगड्याही सोसेनात. शेवटी दादा तिला सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. केसपेपर धरायला मी बरोबर. तिथल्या बाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी शालूचे कान तपासले आणि म्हणाल्या, कान चांगले आहेत, जरा जास्तच चांगले आहेत म्हणा ना. दादांना त्यांनी गावाचं नाव दोनदा विचारलं, दादा नुसते हसले, मग मीच सांगितलं. मला वाटलं, दवाखान्यात बुजले.

त्या बाईंनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे, कारण पुढं शाळेत अशी दोन-तीन पोरं माझ्या वर्गात आली तेव्हा मी तेच केलं. म्हणाल्या, दिवसभर लावून ठेवू नका, कानाची सवय मोडते. मोठा आवाज असेल तेव्हाच लावा, तो गेला की काढा. घरात काढूनच ठेवा. कधी लावायच्या, कधी काढायच्या हे तिचं तिला ठरवू द्या, हिसकावून घेऊ नका. आवाज होणार असेल तर आधी सांगा. आणि थोडाथोडा आवाज रोज होऊ द्या, तो थांबवणं तिच्या हातात ठेवा. घरात कुणाचा आवाज तिला त्यातल्या त्यात आवडतो, असं त्यांनी विचारलं. शालूनं वाट्या गळ्यात घातलेल्या होत्या. तिनं माझ्याकडं बोट केलं.

झालं. ज्या घरात मला तीन वर्षं तोंड उघडू दिलं नव्हतं, त्याच घरात मला रोज संध्याकाळी गायला बसवलं. ते माझ्यासाठी नव्हतं. शालूचं औषध म्हणून होतं. मी अंगणाच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मी हळू सुरू करायचं, रोज किंचित वाढवायचं, आणि तिनं तळहात पुढं धरला की त्या क्षणी थांबायचं. कडवं अर्ध्यात असो, तान वर चढलेली असो, हात दिसला की गप्प. गाणं माझं आणि हात तिचा. मी इतकी चिडायचे की एकदोनदा हात दिसूनही दोन ओळी पुढं गेले. तिनं आरडाओरडा केला नाही. नुसती बघत राहिली, डोळे भरून. मग मीच थांबले.

पण गुण आला, हे कबूल करायला हवं. दोन महिन्यांनी मायनं काठवट परत घरात आणली. आधी शालूच्या हातात पिठाचा गोळा दिला, म्हणाली, तू थाप. शालूनं स्वतः थापली तेव्हा तो आवाज तिला टोचला नाही. मग मायनं थापली. घरात थप थप पुन्हा सुरू झालं आणि ती कान उघडे ठेवून बसली. उन्हाळा लागेपर्यंत मी अंगणात बऱ्यापैकी गाऊ शकत होते. आणि एके दिवशी दादा म्हणाले, औंदा दौलताबाद नाय. सगळेच मैदानात जाऊ. शालू वाट्या लावून मैदानाच्या कडेच्या लिंबापाशी लांब उभी राहील, मी तिच्याजवळ थांबेन, तिनं तळहात पुढं धरला की घरी आणेन.

मी तिच्याजवळ थांबेन. मला तेवढंच ऐकू आलं. म्हणजे मी स्टेजवर, आणि दादा मैदानाच्या पार टोकाला, तिच्या हाताकडं बघत. चार वर्षांत मला एकच गोष्ट पाहिजे होती. दादांनी पहिल्या रांगेत बसून माझं गाणं ऐकावं. एकदा. सगळ्या वस्तीसमोर माझे दादा माझे असावेत. मी मायला चुलीपाशी गाठून सांगितलं, तू थांब ना शालूजवळ घरी, दादांना एकट्याला येऊ दे. माय म्हणाली, आता पोरगी बाहेर निघतीय तर तिला कोंडू का मी? ती नाय आली तर थांबते मी, मग जातील दादा.

ती नाय आली तर. मी रात्रभर तेच घोळवलं. जयंतीच्या सकाळी माय पाण्याला गेली होती, दादा दाढी करत होते, शालू खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपली होती, निदान मला तसं वाटलं. मी खुंटीवरच्या वाट्या काढल्या आणि ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून आत खुपसल्या. वरून ज्वारी सारखी केली. मग वंदनेला निघून गेले, विहारात पुढं बसून डोळे मिटून पंचशील म्हटलं. त्यात चोरी न करण्याचंही एक आहे. तेही म्हटलं.

दुपारी घरात शोधाशोध झाली. मी पण शोधल्यासारखं केलं. शालू बाजेवर पाय दुमडून बसली होती, माझ्याकडं बघत होती. बाहेर हलगी सुरू झाली तशी तिनं कानावर उशी दाबली. शेवटी माय म्हणाली, मी थांबते हिच्यापाशी, दार-खिडकी लावून घेते, तुम्ही जा पोरीबरोबर, दरसाल राहतंय. दादांचा पाय निघेना. दारातनं दोनदा मागं वळले. मग आले. मी त्यांच्या बाजूनं चालत होते, नवी साडी, डोक्यात मोगरा, आणि माझा आनंद अंगात मावत नव्हता. खोटं कशाला लिहू, शालूची आठवणसुद्धा आली नाही मला.

दादा पहिल्या रांगेत बसले, काशीनाथमामांच्या भावाशेजारी, धुतलेलं धोतर, निळा फेटा. मी घरी महिनाभर पाळण्याचं गाणं बसवलं होतं, मामांनीच रचलेलं. पण माझ्या आधीच्या मुलीनं तेच म्हटलं, म्हणून ऐनवेळी मामांनी पेटीवरून मला सांगितलं, तू शाळेचं म्हण. आई दुसऱ्याच्या बांधकामावर विटा वाहते आणि पोरगी पाटी घेऊन शाळेत जाते, असं ते गाणं. मी म्हटलं. मी तसं आयुष्यात पुन्हा म्हटलं नसेल. मागच्या बायका डोळे पुसत होत्या. मी कुणाकडंही बघितलं नाही, फक्त दादांकडं. ते हसऱ्या तोंडानं माझ्याकडं एकटक बघत होते. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनी आधी शेजाऱ्याच्या हाताकडं पाहिलं आणि मग वाजवल्या. मला ते दिसलं. दिसलं आणि मी ते बाजूला सारलं.

परत येताना मी विचारलं, कसं झालं? त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, म्हणाले, लई भारी. मी विचारलं, कुठलं कडवं आवडलं?

"पाळण्याचं सगळंच लई गोड म्हणलीस बघ," दादा म्हणाले.

मी रस्त्यातच उभी राहिले. दादा चार पावलं पुढं गेले, मी मागं राहिलेय हे त्यांना कळलं नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. माझा आवाज, ज्याला माईक लागत नाही तो. पाच-सहा पावलांवर माझे दादा चालत होते, आणि ते वळले नाहीत.

घरी आले तेव्हा मिरवणूक लांब गेली होती. माय चुलीपाशी, शालू बाजेवर. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तीच बोलली, अगदी हळू, नेहमीसारखी.

"दादाला ऐकू येत नाय. तोंडाकडं बघतात ते. लई दिवस झालं."

तुला कसं माहीत, मी विचारलं. म्हणाली, ते घड्याळाला चावी देतात आणि कानाशी धरतात, पूर्वी हसायचे, आता नुसतं धरतात. म्हणाली, त्यांना कंपनीनं दुसऱ्या वाट्या दिल्या नाहीत, जुन्या जमा केल्याशिवाय देतच नाहीत तिथं. दादा कापूस घालतात. रोज सकाळी दारामागं उभं राहून कापसाचे बोळे वळतात, तिला तो आवाज येतो. कापूस वळण्याचा आवाज. मी आजवर कधी ऐकला नाही तो. तिनं दोन-तीनदा वाट्या त्यांच्या पिशवीत घालून दिल्या होत्या, तर ते चौकातनं परत येऊन खुंटीला लावून जायचे. आणि त्यांनी तिला खूण केली होती, बोट ओठावर. कुणाला सांगायचं नाही. मग ती उठली, ज्वारीच्या पोत्यात हात घातला, नेमक्या तिथंच, आणि वाट्या बाहेर काढून फुंकर मारून पुसल्या. तिनं सकाळी ज्वारीचा आवाजही ऐकला होता. पोत्यामागं वर्षं काढलेली पोरगी ती, तिला तो कळणार नाही तर कुणाला. दुपारभर हलगी सोसली आणि माझं नाव घेतलं नाही.

मला लाज वाटली, हे लिहायला पाहिजे, वाटलीच. पण त्याच्याआधी एक क्षण दुसरंच वाटलं, तेही लिहिते. दादांनी तिला नुसत्या वाट्या दिल्या नव्हत्या, आपले कान देऊन टाकले होते. ज्या कानांनी माझं गाणं ऐकायचं, ते. आणि वर ही गोष्ट त्या दोघांचीच, खुणेची, मला त्यात जागा नाही. माझा इतका जळफळाट झाला की मी तिच्या हातातनं वाट्या ओढून घेतल्या आणि अंगणात जाऊन दादांच्या मांडीवर टाकल्या.

दादा बाजेवर बसले होते. ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं होतं. त्यांनी वाट्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मागं आलेल्या शालूकडं पाहिलं, आणि त्यांना कळलं. माय बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं, पोत्याचंसुद्धा. मायनं मला मारलं नाही. ती दादांच्या समोर उकिडवी बसली आणि ओठ मोठे हलवत म्हणाली, पोरीनं शाळेचं म्हणलं, पाळण्याचं नाय. कवापासनं? दादा म्हणाले, उजव्यानं नाय येत. डाव्यानं जरा जरा. आणि हसले, चूक सापडलेल्या पोरासारखे. (पुढच्या आठवड्यात काशीनाथमामा स्वतः कंपनीच्या गेटवर जाऊन भांडले आणि दादांना नव्या वाट्या मिळाल्या. गेलेलं ऐकणं काही परत आलं नाही.)

दादांनी वाट्या उचलल्या, शालूला जवळ बोलावलं आणि तिच्या हातात दिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हण. शाळेचं."

त्यांना गाण्याचं नाव मायच्या ओठांवरून कळलं होतं. मी रागातच सुरू केलं. शालू अंगणाच्या टोकाला, तिच्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली आणि वाट्या कानावर चढवल्या. पहिलं कडवं झालं आणि तिचा हात वर आला. सवयीनं मी थांबणार होते. पण तळहात पुढं नव्हता. आभाळाकडं होता. आमटी मागताना करायची तसा. अजून वाढ. मी वाढवलं. हात पुन्हा वर. अजून. मी बाजेच्या अगदी जवळ सरकले, दादांच्या डाव्या अंगाला, आणि पोटातनं आवाज काढला. घरात, आमच्या अंगणात, मी तसं कधीच गायले नव्हते. शेजारची दारं उघडली. काशीनाथमामा पडवीत येऊन उभे राहिले. माझ्या गळ्याच्या शिरा दुखत होत्या. दादांनी डावा कान माझ्याकडं केला, मान वाकवली, आणि जरा वेळानं म्हणाले, "आता आलं."

चार वर्षं मला हेच पाहिजे होतं. गाता गाता मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आवडलं का ते बघायला. कान माझ्याकडं होता. डोळे मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडं लागले होते, अंगणाच्या त्या टोकाला, तिला त्रास होतोय का ते बघत. दादा जाऊन आता पंधरा वर्षं झाली, शालू दोन गल्ल्या सोडून राहते, रोज संध्याकाळी चहाला येते, आणि मी तिच्यावर जीव टाकते. तरी ते डोळे आठवले की अजून माझं पोट पेटतं. त्या संध्याकाळीही पेटलं होतं. मी आवाज आणखी वाढवला.